ताडोब्याला सफारीला येताय? मग पैसा गावात कसा राहील ते आधी पाहा

माझं गाव चंद्रपूर जिल्ह्यात चिमूरकडचं, ताडोब्याच्या बफरच्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्याच्या, काठावर. घरची धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, मागं नाला आणि नाल्यापलीकडं जंगल. मावसभाऊ बफरच्या एका गेटवर गाइड आहे, मावशी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, त्यामुळं दर सीझनला पुणे-मुंबई-नाशिकची मंडळी ओळखीतून मलाच फोन लावतात की भाऊ वाघ दिसल नं नक्की? वाघाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, जो देतो त्याच्याकडून बुकिंग करूच नका. पण ट्रिप अशी ठरवता येते की वाघ दिसो न दिसो, तुम्ही खर्च केलेले पैसे जंगलाच्या आणि जंगलाजवळच्या माणसांच्या कामी येतील, ते कसं करायचं हे सगळ्यांना फोनवर वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

आधी हे समजून घ्या

2018 च्या मोजणीत महाराष्ट्रात 312 वाघ होते, 2022 मध्ये 444 झाले. त्यातले चंद्रपूर जिल्ह्यात भरपूर, आणि ते सगळे काही राखीव जंगलाच्या आत बसून नाहीत, शेतात येतात, नाल्यात येतात, गावाच्या गोठ्यापर्यंत येतात. मार्चच्या शेवटी मोह गळायला लागला की मावशी पहाटेच टोपलं घेऊन निघते, एकटी नाही, चार बायका मिळून. झाडाखाली मोत्यासारखी पिवळट फुलं पडलेली असतात, रसाळ, हाताला चिकट लागतात आणि वास असा की डोकं भरून जातं. ती वेचायची म्हणजे खाली वाकून, जवळजवळ बसूनच सरकत जावं लागतं, आणि असा वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, हरणासारखंच काही वाटतं. दर चार-पाच फुलांमागं मावशी मान वर करून चौफेर पाहते, ते पाहून माझ्याच पोटात गोळा येतो. मोहानंतर तेंदूपत्ता, विडीचं पान. 2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या काही हौसेनं गेल्या नव्हत्या जंगलात, पोरांच्या शाळेच्या वह्या त्याच पैशातून येतात.

आता विचार करा, ज्या घरानं असं माणूस गमावलं किंवा ज्याची दुभती गाय वाघानं मारली त्या घराला वाघापासून फक्त नुकसानच होत असेल तर ते वाघाला कितीक दिवस सहन करतील? मेलेल्या गाईवर विष टाकायला पाच मिनिटं लागतात. ते होत नाही याचं एक कारण म्हणजे इकडच्या लोकांची जुनीच श्रद्धा, गोंड लोकांचा तारू देव ताडोबा तलावाच्या काठी आहे, त्याच्या नावावरूनच ताडोबा हे नाव पडलं म्हणतात आणि हा तारू वाघाशी झालेल्या झुंजीत गेला अशी कथा आहे, तरी लोक वाघाला वैरी मानत नाहीत. दुसरं कारण साधं आहे, पोरगा गाइड आहे, सून होमस्टे चालवते, शेजाऱ्याची जिप्सी, म्हणजे सफारीची उघडी गाडी, आहे. हे दुसरं कारण टिकवणं पर्यटकाच्या हातात आहे, म्हणून पुढचं सगळं सांगून राहिलो.

कोर की बफर, आणि फक्त ताडोबाच काहून?

ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, राज्यातलं सगळ्यात जुनं, अंधारी अभयारण्य 1986 चं आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला 1995 ला. आतला भाग म्हणजे कोर, तिथं मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी, पांगडी, खुटवंडा हे गेट. त्याच्या भोवती बफर, तिथं आगरझरी, देवाडा, जुनोना, अलीझंझा, मदनापूर, पळसगाव, बेलारा असे पुष्कळ गेट आहेत. सगळ्यांना कोरच पाह्यजे असते, त्यातही मोहर्ली आणि तेही शनिवार-रविवार. खरं सांगतो, बफरमध्येही वाघ दिसतात, अस्वल दिसते, रानकुत्र्यांचा कळप दिसतो, आणि बफर म्हणजे गावांच्या मधलं जंगल, तिथल्या गेटवरचा रोजगार सरळ त्या गावांत जाते. केंद्राच्या 2012 च्या नियमानुसार कोरचा जास्तीत जास्त 20 टक्केच भाग पर्यटनाला उघडता येतो, म्हणून आतल्या सीट कमीच राहणार, त्यासाठी जीव टांगणीला लावू नका. तीन सफारी करणार असाल तर एक कोर आणि दोन बफर ठेवा, तेही वेगवेगळ्या गेटवरून म्हणजे दोन गावांना काम मिळेल. आणि आठवड्यात मधल्या वारी या, फक्त मंगळवार सोडून, मंगळवारी बंद असते (दरवर्षी एक तरी पाहुणा मंगळवारचं हॉटेल बुक करून येतेच).

आणि विदर्भात ताडोबाच आहे असं नाही. नागझिरा आहे गोंदिया-भंडाऱ्याकडं, तिथलं जंगल इतकं दाट आणि शांत की वाघ नाही दिसला तरी काही वाटत नाही. वर्ध्याचा बोर व्याघ्र प्रकल्प आहे, लहानसा. यवतमाळचं टिपेश्वर. मेळघाटात वाघ सहजी दिसत नाही पण डोंगर, सेमाडोह-कोलकासची सिपना नदी आणि कोरकू गावं यासाठी जा, आणि तो तर 1973-74 च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला. पेंचला सिल्लारीकडं गेलात तर एक रात्र फक्त आकाश पाहायला ठेवा. 2024 च्या जानेवारीत पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखलेली जागा, झालं, वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले शंभरच्या वर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडं वळवला, कोणत्याच जनावराला त्रास न होता गावाला रोजगार देणारी याच्याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

बुकिंग करताना

बुकिंग फक्त वनविभागाच्या साइटवरूनच करा. ताडोब्याची अधिकृत साइट आहे माय ताडोबा, तिच्या पत्त्यात महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन असते, ते अक्षर अन् अक्षर तपासा कारण तशाच दिसणाऱ्या साइट गुगलवर वर येतात. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं अशाच कोण्या साइटवर पैसे भरले, दिवाळीच्या सुट्टीत पाच माणसं, दोन म्हातारे, पहाटे पाच वाजता थंडीत कुडकुडत गेटवर उभे आणि गेटच्या यादीत त्यांचं नावच नाही. पैसेही गेले अन् सकाळही गेली, आणि गेटवरच्या पोरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. ज्या ओळखपत्राचा नंबर टाकला तेच ओरिजिनल सोबत ठेवा, झेरॉक्स चालत नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, तुम्ही दोघंच असाल तर पूर्ण जिप्सी अडवून बसण्यापेक्षा आणखी चौघं ओळखीचे जमवा, जंगलात एक गाडी कमी जाते आणि तुमचाही खर्च वाटला जाते.

लोक विचारतात की एवढी फी घेता, जाते कुठं? तर 2006 च्या कायद्यातल्या बदलानंतर प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला आपलं फाउंडेशन आहे, पर्यटनाचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता त्या फाउंडेशनमधून तिथल्याच जंगलावर आणि गावांवर खर्च करता येतो. गावात परिस्थितीकीय विकास समिती असते, जंगल आणि गावाचं काम पाहणारी गावकऱ्यांचीच समिती, इकडं सरळ ईडीसीच म्हणतात. 2015 पासून जन-वन विकास योजना आहे, त्यातून बफरच्या गावांत गॅस आले, शेताला कुंपण आलं. गॅस आल्यानं काय झालं तर बायांचं सरपणाला जंगलात जाणं कमी झालं, आणि जंगलातली एक चक्कर कमी म्हणजे वाघासमोर पडण्याचा एक धोका कमी. तुमच्या तिकिटाचा आणि मावशीच्या चुलीचा संबंध असा आहे. गाइड आणि जिप्सीचे पैसे मात्र वेगळे असतात, ते त्यांची मजुरी आहेत, त्यात घासाघीस करू नका.

राहायचं कुठं

इथं सगळ्यात जास्त फरक पडते. मोठ्या रिसॉर्टचा पैसा बहुतेक बाहेर जाते, पण रिसॉर्ट सगळे वाईट असंही नाही, काहींनी गावातल्या पोरापोरींना चांगल्या पगारावर ठेवलं आहे. म्हणून फोन करून सरळ विचारा: कामावर किती जण आजूबाजूच्या गावचे आहेत, आणि ते फक्त झाडूपोछ्याला आहेत की किचन-रिसेप्शनवरही? पाणी बोअरचं की कुठलं, उन्हाळ्यात गावच्या विहिरी आटतात तेव्हा तुमचा स्विमिंग पूल भरलेला असते काय? कचरा कुठं टाकता? रात्री डीजे लावता काय? या शेवटच्या प्रश्नाला "सर, तुम्ही म्हणाल तसं" असं उत्तर आलं की तिथं राहू नका.

होमस्टे मिळाला तर फारच छान, पण हॉटेलची अपेक्षा घेऊन येऊ नका. मावशीच्या घरी खोली साधी आहे, शेणानं सारवलेलं अंगण, बाथरूम स्वच्छ पण बाहेर, गरम पाणी चुलीवरचं. जेवायला घरचा भात (आमच्याकडं पोळीपेक्षा भातच), लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, चुलीत भाजलेल्या टमाटराची चटणी, आणि सांगून ठेवलं तर वडा-भात. हे सांगून ठेवणं महत्त्वाचं आहे. पाच जणांचं जेवण सांगून तिघंच जेवले की मावशी काही बोलत नाही पण उरलेलं अन्न पाहून तिचा चेहरा उतरते, आणि अन्न उघड्यावर टाकलं तर कुत्रे येतात आणि कुत्र्यांमागं बिबट येते, हे शब्दशः होते. जेवणाचं आदल्या सांजेलाच सांगा, पहाटे साडेचारला चहा लागणार असेल तर तेही सांगा. घरच्या बायांचे, मोह वेचणाऱ्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. लहान पोरांना चॉकलेट वाटू नका, ती मग प्रत्येक गाडीमागं पळतात. काही द्यायचंच असेल तर शाळेतल्या गुरुजींना विचारून वह्या-पुस्तकं द्या.

आणि अंधार पडल्यावर घराबाहेर फिरायला निघू नका. "इथंच नाल्यापर्यंत जाऊन येतो" असं म्हणू नका. घरचा माणूस जिथं थांबवतो तिथं थांबा, त्याला त्याचं कारण माहीत आहे.

गाडीत बसल्यावर

कपडे मातकट, हिरवट रंगाचे, अत्तर-डिओ नको. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत हाडं गोठतात, कानटोपी अन् ब्लँकेट घ्या, मे महिन्यात चंद्रपूरचं ऊन 45 च्या वर जाते, पाण्याची स्टीलची बाटली आणि दुपट्टा घ्या. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करा आणि चार तास डोळ्यांनी पाहा.

गाइडशी बोला, पण "वाघ कुठं आहे" हे विचारू नका, "आता काय ऐकू येते" हे विचारा. मागच्या थंडीत मावसभावासोबत होतो, त्यानं ड्रायव्हरला हात दाखवून इंजिन बंद करायला लावलं. काहीच नव्हतं, फक्त वाळलेला सागाचा पाला. मग एका वानराचा खोकल्यासारखा आवाज आला, खर्र खर्र, उंच झाडावरून, दोन मिनिटांनी खालून चितळ ओरडलं, एकदाच, तीक्ष्ण. भाऊ हळूच म्हणाला, चितळ घाबरट, उगीचही ओरडते, वानर वरून पाहून ओरडते म्हणून त्याचा भरोसा जास्त, आणि सांबर ओरडलं तर समजायचं की आहेच. आम्ही वीस मिनिटं बसलो. सांबर काही ओरडलं नाही, वाघही निघाला नाही. गाडीतल्या काकू उतरताना म्हणाल्या की एवढं कान देऊन मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. त्याच सफारीत भाऊनं आम्हाला कढईचं झाड दाखवलं, पांढरंफटक, चांदण्यात भुतासारखं दिसते म्हणून लोक भुताचं झाड म्हणतात, आणि अस्वलानं मधासाठी खोडावर ओढलेल्या नख्यांच्या खुणा दाखवल्या. ज्या गाइडला वाघाशिवाय दुसरं काही विचारलं जाते त्याचा दिवस किती चांगला जाते हे त्याच्या तोंडावर दिसते.

आता वाघ दिसला तर. नियमानं जनावरापासून 20 मीटरच्या वर अंतर पाह्यजे, आणि त्याची वाट अडवायची नाही. तो रस्त्यानं चालत येऊन राहिला तर गाडी मागं घ्यायला सांगा, तुम्हीच सांगा, कारण ड्रायव्हर तुमच्या नाराजीला भितो. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांना दोन्हीकडून जिप्सींनी अडवलं, त्याचा व्हिडिओ सगळीकडं फिरला, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली आणि कारवाई झाली ती गाइड-ड्रायव्हरवर. चूक त्यांचीही होतीच, मी नाही म्हणत नाही. पण "अजून जवळ घे, हजार रुपये जास्त देतो" असं म्हणणारे पाहुणे आमच्या पोरांना रोज भेटतात, पाहुणा दुसऱ्या दिवशी घरी जाते आणि गेटवरून काम बंद होते ते गावच्या पोराचं. म्हणून टीप वाघ दिसल्यावर देऊ नका, दिसला नाही त्या दिवशीही तेवढीच द्या. वाघ दिसण्याला टीप बांधली की गाड्या पळवणं सुरू होते, एवढं साधं आहे ते.

बछड्यांचे फोटो टाकताना जागा, नाला, पाणवठा, तारीख लिहू नका. आतमध्ये बिडी-सिगारेट तर नाहीच, पण गावाच्या रस्त्यावरही जळतं थोटूक फेकू नका, 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ, एका थोटकानं डोंगर जळते.

येताना-जाताना

रेल्वेनं चंद्रपूर, वरोरा नाहीतर भांदक गाठा, नागपूरहून उमरेड-भिसी-चिमूरमार्गे कोलारा शंभर-सव्वाशे किलोमीटर पडते. एसटी आहे, पण गाड्या कमी आहेत, शेवटची निघून गेली की पंचाईत, म्हणून घरमालकालाच गावातली गाडी पाठवायला सांगा. स्वतःची गाडी असेल तर जंगलाच्या रस्त्यावर सूर्य बुडायच्या आधी पोचा आणि चाळीसच्या वर पळवू नका. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये जुनोन्याजवळ रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे गेले, रस्त्यावर तर चितळ, रानमांजर, साप किती जातात ते कोणी लिहूनही ठेवत नाही.

परत जाताना नागपूरच्या विमानतळावरून वाघाचा टी-शर्ट घेण्यापेक्षा गावातून पाच किलो तांदूळ घ्या, मध, चारोळी घ्या, बांबूची टोपली घ्या. भाव सांगतील तोच द्या, कारण चारोळीचं एक किलो जमवायला किती दिवस लागतात ते तुम्ही एकदा फोडून पाहा, बी फोडताना बोटं सोलून निघतात.

शेवटचं म्हणजे पावसाळा. 1 जुलै ते 30 सप्टेंबर कोर बंद असते, पाहुणे गायब होतात आणि गाइड लोकांची कमाईही तुटते. पण बफरचे बरेच गेट पाऊस-रस्ता पाहून सुरू असतात, गर्दी नाही, जंगल हिरवंगार, नवरंग पक्षी त्याच दिवसांत येते आणि सकाळ-संध्याकाळ शीळ घालते. वाघ दिसायचा चान्स कमी, तेवढं धरून या. सकाळी सफारी करा आणि दुपारी रोवणा, म्हणजे भाताची लावणी, पाहायला बांधीवर चला, चिखलात उतरायचं असेल तर उतरा, बाया रोवण्याची गाणी म्हणतात ती ऐका. यायच्या आधी भाऊला फोन लावा. लागला नाही तर थोड्या वेळानं परत लावा, त्या दिवसांत तो बांधीत असतो आणि रेंज फक्त धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चढल्यावर येते.